जुन्या गाडीच्या स्पॉयलरमध्ये तिसरा ब्रेक लाईट: आधी वायरिंग, मग भोक

जुन्या गाडीचे मागचे दिवे बघा. बंपरच्या जरा वर, दोन कोपऱ्यांत, लहानसे. आज मागून येणाऱ्या चालकाची नजर तिथे नसते. वर्षानुवर्षं त्याला समोरच्या गाडीच्या काचेजवळ, मधोमध, तिसरा लाल दिवा पाहायची सवय लागलेली असते. आपली गाडी कितीही जीव लावून जपलेली असली, तरी त्याच्या नजरेच्या वाटेत तिचा ब्रेक येतच नाही. डिकीच्या कडेवर पंखासारखा स्पॉयलर असेल तर हा दिवा बसवायला हक्काची जागा मिळते, आणि नीट काम केलं तर मूळ पत्र्याला धक्काही लागत नाही.

हे काम पहिल्यांदाच करणारे बहुतेक जण ड्रिल हातात घेऊन सुरुवात करतात. तसं करू नका. दिवा टेपने चिकटवा, वायरिंग पूर्ण करा, गाडीमागे उभं राहून सगळं तपासा, आणि स्पॉयलरला हात अगदी शेवटी लावा. चुकलेली वायर सोडवून पुन्हा जोडता येते. चुकीच्या जागी पडलेली खाच मात्र पुट्टी भरून, रंग मारूनही कायम डोळ्यांत खुपते.

एवढ्या खटाटोपाने खरंच फरक पडतो का? १९७० च्या दशकात जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींना मागे मधोमध जादा ब्रेक लाईट लावून पाहिला, आणि त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका निम्म्याहून खाली आल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत नव्या मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. सगळ्याच गाड्यांवर तो आल्यावर नवलाई ओसरली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने हिशेब मांडला तेव्हा मागून होणाऱ्या धडकांतली दीर्घकालीन घट ४.३ टक्के निघाली. आकडा लहान वाटतो, पण एका छोट्या दिव्यासाठी मला तो पुरेसा आहे.

दुसरा फायदा एलईडीचा. जुन्या बल्बमधली तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेते. एलईडी लगेच लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे तेवढ्या वेळात साडेपाच मीटर. मागच्याला ब्रेक मारायला जवळपास एका गाडीच्या लांबीची जादा जागा मिळते.

दिवा निवडताना

आधी स्पॉयलर आतून किती पोकळ आहे ते मोजा. दिव्याची लांबी सगळेच मोजतात, पण अडतं ते खोलीवर. पातळ स्पॉयलरला पाठीमागे वायर निघणारा दिवा बसत नाही, बाजूने वायर निघणारा चपटा दिवा घ्यावा लागतो.

काचेवरचे शिक्के बघा. वर्तुळातल्या 'ई' या अक्षराजवळ 'एस ३' लिहिलेलं असेल, तर तो दिवा संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या नियमांनुसार तिसरा ब्रेक लाईट म्हणून मंजूर झालेला असतो. अमेरिकी पद्धतीत 'यू ३' हा शिक्का येतो. शिक्का नसलेल्या सजावटी पट्ट्या दुपारच्या उन्हात दिसत नाहीत आणि रात्री मागच्याच्या डोळ्यांत घुसतात. लुकलुकणारे दिवे घेऊच नका. तिसरा ब्रेक लाईट स्थिर हवा आणि फक्त ब्रेकलाच लागायला हवा. टेल लाईटबरोबर मंद जळणारा, ब्रेकला प्रखर होणारा तीन वायरींचा दिवा इथे चालत नाही. दोनच वायरींचा घ्या.

उंचीचा युरोपीय नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. दिव्याची खालची कड जमिनीपासून किमान ८५० मिलिमीटरवर हवी, किंवा मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नको, आणि ती नेहमीच्या ब्रेक लाईटच्या वर हवी. डिकीवरच्या स्पॉयलरला हे सहसा जमून जातं. तरी तुमची गाडी जिथे नोंदलेली आहे तिथला नियम कापाकापीआधी वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट. गाडी खरंच १२ व्होल्टची आहे ना? बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टवर चालतात, त्यांना १२ व्होल्टचा दिवा लागणारच नाही. काही गाड्यांत, विशेषतः १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत, बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, एलईडीला पडतो. अशा गाडीत दिव्याची लाल वायर बॉडीला आणि काळी वायर ब्रेकच्या वायरला जाते. सुरुवातीच्या काळातल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाडीत 'लाल म्हणजे करंट' असं गृहीत धरून जोडलंत, तर दिवा लागणार नाही आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जाईल.

ब्रेकची वायर नेमकी कुठून घ्यायची

या कामात सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

ब्रेकचा स्विच पेडलच्या वर असतो किंवा ब्रेक ऑइलच्या नळीवर. त्यातून निघालेली वायर मागे जाते. काही गाड्यांत ब्रेकचा आणि इंडिकेटरचा बल्ब वेगळा असतो. मागची काच अंबर आणि लाल अशी दुरंगी असेल तर बहुधा हाच प्रकार. मग काम सोपं आहे. डिकीत कोणत्याही एका ब्रेक बल्बच्या वायरवरून फाटा काढा.

दुसऱ्या प्रकारात, आणि जुन्या अमेरिकी गाड्यांत तो फार आढळतो, एकच लाल बल्ब ब्रेकचंही काम करतो आणि इंडिकेटरचंही. माझ्या पहिल्या कामात मला हे ठाऊक नव्हतं. मी डाव्या बल्बवरून फाटा घेतला, पेडल दाबलं, दिवा लागला, खूश झालो. संध्याकाळी मित्र माझ्या मागून येत होता. थांबल्यावर त्याने सांगितलं, "अरे, तू डावीकडे वळताना मधला दिवाही इंडिकेटर देतोय." ब्रेक आणि डावा इंडिकेटर एकत्र असला की तिसरा दिवा स्थिर राहायच्या ऐवजी लुकलुकत होता. मागच्याला ब्रेक दिसायलाच हवा, नेमक्या त्याच क्षणी माझा दिवा गोंधळ घालत होता.

त्यावर दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) लावून डाव्या-उजव्या दोन्ही बल्बांवरून फाटा घ्यायचा उपाय सुचवला जातो. त्याने ब्रेक दाबलेला असताना दिवा स्थिर राहतो हे खरं, पण नुसता इंडिकेटर दिला तरी तो लुकलुकतोच. खरा उपाय एकच: इंडिकेटरच्या स्विचकडे जाण्याआधीची वायर पकडायची, म्हणजे थेट ब्रेक स्विचच्या बाहेरच्या टोकावरून. मल्टीमीटर लावा. स्विचच्या एका टोकावर पेडल न दाबताही व्होल्टेज असतं (काही गाड्यांत चावी फिरवल्यावरच). दुसऱ्या टोकावर ते फक्त पेडल दाबल्यावर येतं. आपल्याला दुसरं टोक हवं. तिथून एक नवी वायर दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून, गालिच्याखालून मागे न्यायची. तासाभराचं जास्तीचं काम आहे, पण ते करा.

हात घातलाच आहे तर स्विचही तपासा. पेडल हलकेच दाबल्याबरोबर दिवे लागले पाहिजेत. ऑइलच्या दाबावर चालणारे जुने स्विच सुस्त झाले की पाय बराच खाली गेल्यावर दिवा लागतो. एलईडीने वाचवलेले ते साडेपाच मीटर असा स्विच पुन्हा खाऊन टाकतो.

रिले (जास्त करंटचा भार उचलणारा, विजेने चालणारा स्विच) लागत नाही. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर घेतात, तर ३ वॅटची एलईडी पट्टी पाव अँपिअर. जुन्या वायरिंगला हा भार जाणवणारसुद्धा नाही. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. फक्त जिथे फाटा घेता तिथे लगेच एक अँपिअरचा फ्यूज टाका. उद्या डिकीच्या बिजागरीत वायर सोलली गेली तर हा फ्यूज उडेल आणि नेहमीचे ब्रेक लाईट शाबूत राहतील.

आता कामाला लागू

बॅटरी सोडवा. निगेटिव्ह टर्मिनल आधी. पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत पॉझिटिव्ह आधी, म्हणजे कोणत्याही गाडीत बॉडीचं टोक पहिलं.

दिवा स्पॉयलरवर ठरवलेल्या जागी मास्किंग टेपने चिकटवा आणि सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून पंधरा-वीस पावलं मागे जा. इथे एक गोष्ट दिसेल जी हातात धरलेल्या दिव्यात दिसत नाही. एलईडीचा झोत अरुंद असतो. असा दिवा आडवा दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा अंश, वर दहा आणि खाली पाच अंश, एवढ्याच पट्ट्यात धड उजेड द्यायला बांधलेला असतो. स्पॉयलरची मागची बाजू मात्र बऱ्याचदा तिरकी असते. वीस अंश वर बघणाऱ्या कडेवर दिवा तसाच बसवला तर तो आभाळाला ब्रेक दाखवतो. कमरेत वाकून, मग उभं राहून, मग स्टुलावर चढून बघा. बुटक्या गाडीच्या आणि ट्रकच्या चालकाला काय दिसेल ते असं कळतं. उजेड सारखा दिसत नसेल तर दिव्यामागे पाचर द्यावी लागेल. लाकडाचा तुकडा घासून नमुना करा, लेव्हल लावून दिव्याचा चेहरा उभा आणि सरळ मागे आणा, मग तीच पाचर प्लास्टिकची किंवा रबराची बनवा. हे ऊन असताना एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा करा.

मग वायर. स्पॉयलर बसवणाऱ्या बोल्टची भोकं किंवा नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरीची वाट आधीच असते. नवं भोक पाडायच्या आधी ती शोधा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, कारण पत्र्याची कड सुरीसारखी असते. डिकीच्या झाकणातून बॉडीकडे येताना वायरीला बिजागरीजवळ सैल वळसा ठेवा, लवचीक नळीत घाला, आणि झाकण पूर्ण उघडून-मिटून दहा वेळा बघा. ती ताणली जाऊ नये, चिमटीत सापडू नये. स्पॉयलर कधी काढायचा झाला तर वायर कापावी लागू नये, म्हणून झाकणाच्या आत एक दोन-पिनी कनेक्टर ठेवा.

जोड सोल्डर करून त्यावर श्रिंक ट्यूब (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवा, किंवा चांगल्या पकडीने क्रिंप करा, म्हणजे धातूची टोपी दाबून पक्का करा. वायर न सोलता नुसतं दाबून आत पातं घुसवणारे निळे-लाल क्लिप जुन्या वायरीवर वापरू नका. काळवंडलेल्या, कडक झालेल्या तांब्याच्या तारा त्यात अर्ध्या तुटतात आणि पुढे ब्रेक लाईटच जातो. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं तर नकोच.

अर्थिंगबद्दल माझा आग्रह आहे. काळी वायर डिकीच्या झाकणाला लावून मोकळं होण्याचा मोह होतो, पण झाकणाचा बॉडीशी संबंध बिजागरीतून असतो, आणि तिथे ग्रीस, रंग, गंज यांचं राज्य असतं. वेगळी अर्थ वायर काढा आणि थेट बॉडीवर न्या. शक्यतो आधीच असलेला अर्थचा बोल्ट वापरा. बोल्टभोवतीचा रंग बोटाच्या नखाएवढ्या जागेत चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवा, दातेरी वॉशर टाका, आवळा आणि वरून ग्रीस फासा.

बॅटरी जोडा आणि मीटरने खात्री करा. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सुई दिव्याच्या काळ्या वायरीवर, सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अर्थ पुन्हा घासा. बॉडीचा पॉझिटिव्ह असलेल्या गाडीत हेच माप बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या लाल वायरीपर्यंत घ्यायचं.

आणि आता भोक

दिवा टेपवरच आहे, तो लागतोय, कोन पटलाय. आता कापायला हरकत नाही. स्पॉयलर त्या काळचा मूळ आणि दुर्मीळ असेल तर मात्र थांबा. १९७२ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या बदकशेपटी स्पॉयलरसारखी वस्तू कापण्यापेक्षा नव्याने बनवलेली प्रत घ्या आणि मूळ जपून ठेवा. (अशा मागे इंजिन असलेल्या गाड्यांत स्पॉयलर इंजिनाच्या झाकणावरच येतो, तेव्हा वायरही उष्णता सोसणारी घ्या.) कापायचंच नसेल तर पातळ दिवा स्पॉयलरच्या कडेखाली दुहेरी फोम टेपने बसवता येतो. दिसायला थोडा उपरा वाटतो, पण कामात कमी नाही.

स्पॉयलर काढायच्या आधी मधोमधची खूण करून घ्या. मधली रेघ स्पॉयलरच्या दोन टोकांवरून मोजू नका. जुने स्पॉयलर सरळ बसलेले असतातच असं नाही. गाडीवर असतानाच नंबर प्लेटच्या मध्यावरून ओळंबा धरून खूण करून घ्या, कारण मागून बघणारा दिव्याची तुलना नकळत प्लेटशीच करतो. मग स्पॉयलर काढून टेबलावर घ्या आणि पुठ्ठ्याचा साचा कापा. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर लावा आणि त्यावर साचा आखा.

चारी कोपऱ्यांत आधी ३ आणि मग ६ मिलिमीटरच्या बिटाने गोल भोकं पाडा. काटकोनी कोपरा ठेवला की तिथून तडा सुरू होतो, गोल कोपऱ्यात तो अडतो. मग रेघेच्या दीड मिलिमीटर आतून कापा आणि उरलेलं कानशीने काढा. फायबरच्या स्पॉयलरवर कानस नेहमी बाहेरून आत ढकला आणि परत येताना उचला. ओढताना घासली की वरच्या गुळगुळीत थराचे टवके उडतात. तीन-चार झटके झाले की दिवा लावून बघा. सुरुवातीला तो एका कोपऱ्यात अडेल, तिथे घासल्याची चकाकी दिसेल, तेवढंच काढा. दिवा बोटाच्या हलक्या दाबाने आत गेला की थांबा.

फायबरची धूळ वाईट. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि शक्य तर पाण्याचा शिडकावा. कार्बन फायबरला तर वीजही वाहते, म्हणून त्याच्या कडेला उघडी तार लागू देऊ नका. एबीएस प्लास्टिक मंद वेगाने कापा, नाहीतर ते वितळून पात्यामागे पुन्हा जुळतं. मऊ पॉलियुरेथेनला धारदार सुरी बरी, पण त्यात स्क्रू धरत नाहीत, दिवा चिकटवावा लागतो.

कापलेली कड उघडी ठेवायची नाही. फायबर असेल तर रेझिनचा हात द्या, कारण उघडे धागे पाणी शोषतात. पत्र्याचा स्पॉयलर असेल तर प्रायमर आणि रंग. रंगाचं सगळं काम उरकल्यावरच सिलिकॉन हातात घ्या, त्याचा अंश लागलेल्या जागी रंग धरत नाही. सिलिकॉनही बिनआम्लाचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते तांबं आणि पत्रा दोन्ही खातं. स्पॉयलरच्या पोकळीत सगळ्यांत खालच्या जागी ४ मिलिमीटरचं एक भोक ठेवा. पाणी कुठून ना कुठून शिरतंच, त्याला बाहेर जायला वाट हवी.

शेवटची तपासणी

दिवसा: नुसता ब्रेक. ब्रेक आणि डावा इंडिकेटर. ब्रेक आणि उजवा. ब्रेक न दाबता दोन्ही इंडिकेटर. सगळ्यांत तिसऱ्या दिव्याने फक्त ब्रेकचंच ऐकायला हवं. मग हेडलाईट लावून ब्रेक दाबा. टेल लाईट चालू असताना ब्रेक न दाबताच तिसरा दिवा अंधूक पेटत असेल, तर मागच्या एखाद्या जुन्या होल्डरचा अर्थ गेलाय आणि करंट उलट्या वाटेने येतोय. तो दोष आधीपासूनचा असतो, नव्या दिव्याने फक्त उघडा पाडला. तोही दुरुस्त करा.

रात्री: चालकाच्या जागेवर बसून ब्रेक दाबा आणि आरशात बघा. मागच्या काचेवर लाल झाक पडत असेल तर दिव्याच्या पुढच्या-वरच्या फटीतून उजेड गळतोय. काळ्या फोमची पट्टी आतून लावली की थांबतो.

नंतर नळीने पाच मिनिटं पाणी मारा, डिकी उघडून आत हात फिरवा. महिनाभर गाडी वापरल्यावर पुन्हा एकदा बघा: दिव्याच्या काचेत आतून धुकं धरलंय का, अर्थचा बोल्ट सैल झालाय का, आणि बिजागरीजवळच्या वळशावर घासल्याची चकाकी दिसतेय का. दिसली तर वळसा बोटभर सैल सोडा आणि क्लिप पुन्हा लावा.